व्होल्टचा हिशेब: बॅटरीच्या दिव्यापासून बोअरच्या मोटरीपर्यंत

विहिरीवरच्या सिंगल फेज मोटरीचं बटण दाबलं की ती नुसती गुणगुणते, फिरत नाही. घराजवळच्या बोर्डावर मीटर लावला तर २३० व्होल्ट व्यवस्थित दिसतात. मग आधी कॅपॅसिटर बदलला जातो, तेवढ्यानं भागलं नाही तर मोटर रिवाइंडिंगला जाते, आणि दोष कित्येकदा निघतो मधल्या दीडशे मीटर वायरीत. हा दोष पान्यानं सापडत नाही, कागदावर चार ओळींत सापडतो. त्या चार ओळी मांडायच्या कशा, ते इथे क्रमानं दिलं आहे. सुरुवात १२ व्होल्टच्या बॅटरीपासून केली आहे, कारण तिथे हिशेब चुकला तर फार तर एखादा रेझिस्टर (करंटला अडवणारा छोटा भाग) जळतो.

लागणारं सामान थोडकं आहे. १२ व्होल्टची बॅटरी (फवारणी पंपाची किंवा झटका मशीनची चालेल), तिच्या पॉझिटिव्हला लगेच एक ॲम्पिअरचा फ्यूज, एक डिजिटल मल्टिमीटर, ब्रेडबोर्ड (डाग न देता वायरी खोचून सर्किट जोडायची भोकांची पट्टी), आणि १०० ओहमपासून १० किलोओहमपर्यंतचे थोडे रेझिस्टर. फ्यूज वगळू नका. लहानशी लेड ॲसिड बॅटरीसुद्धा शॉर्ट झाली तर क्षणभर शेकडो ॲम्पिअर देऊ शकते आणि बारीक वायर लाल होते.

आधी नियम, तेही दोनच

व्होल्टेज दोन बिंदूंच्या मध्ये असतं, करंट एका वायरीतून वाहतो. बोलताना हा फरक पुसला जातो आणि निम्म्या चुका तिथूनच सुरू होतात. ‘या वायरीत किती व्होल्ट आहेत?’ हा प्रश्न अर्धाच आहे. कशाच्या मानानं, ते सांगावं लागतं. बॅटरीच्या सर्किटमध्ये निगेटिव्ह टोक शून्य धरतात, घरच्या लाइनीत न्यूट्रल.

ओहमचा नियम १८२७चा: व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रोध (करंटला होणारा अडथळा, ओहममध्ये). तो शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेला असतो, पण लावताना एक गोष्ट निसटते. नियमातलं व्होल्टेज हे त्याच रेझिस्टरच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज आहे, बॅटरीचं नव्हे. बॅटरी १२ व्होल्टची आहे म्हणून सर्किटमधल्या प्रत्येक रेझिस्टरला १२ व्होल्ट लावून भागाकार करणं ही परीक्षेतली आणि शेतातलीही सर्वांत नेहमीची चूक.

दुसरा नियम किरचॉफचा, १८४५चा, आणि तो साध्या जमाखर्चासारखा आहे. कोणत्याही जोडावर जेवढा करंट आला तेवढाच बाहेर गेला पाहिजे. आणि एका बिंदूपासून निघून फेरी मारून तिथेच परत आलात तर वाटेत मिळालेले व्होल्ट आणि वाटेत पडलेले व्होल्ट सारखे भरले पाहिजेत. उत्तर बरोबर आहे का हे विचारायला कुणाकडे जावं लागत नाही. जमा आणि खर्च जुळला की झालं.

एककांत घोळ होऊ नये म्हणून एक सोय. व्होल्टला किलोओहमनं भागलं की उत्तर थेट मिलिॲम्पिअरमध्ये येतं. १२ व्होल्ट भागिले ३.२ किलोओहम म्हणजे ३.७५ मिलिॲम्पिअर. शून्यं मोजत बसायला नको.

एकसर, समांतर आणि दोन्ही मिळून

एकसर जोडणीत, म्हणजे सिरीजमध्ये, करंट सगळीकडे एकच असतो आणि व्होल्टेज वाटून जातं. १ किलोओहम आणि २.२ किलोओहम एकापाठोपाठ १२ व्होल्टवर जोडले तर एकूण रोध ३.२ किलोओहम आणि करंट ३.७५ मिलिॲम्पिअर. पहिल्यावर ३.७५ व्होल्ट पडतात, दुसऱ्यावर ८.२५. बेरीज १२. मोठ्या रोधावर मोठा वाटा पडतो, हे डोक्यात ठेवा. पुढे वायरीच्या हिशेबात तेच कामाला येतं.

समांतर जोडणीत व्होल्टेज एकच, करंट वाटला जातो. ६ ओहम आणि १२ ओहम १२ व्होल्टवर समांतर असले तर एकातून २ ॲम्पिअर, दुसऱ्यातून १, मिळून ३. दोनच रेझिस्टर असतील तर गुणाकार भागिले बेरीज: ७२ भागिले १८, म्हणजे ४ ओहम. समांतर जोडणीचा एकूण रोध नेहमी सर्वांत लहान रेझिस्टरपेक्षाही कमी निघतो. तुमचं उत्तर जास्त आलं असेल तर गणित तिथेच थांबवा.

खरं सर्किट या दोन्हींचं मिश्रण असतं. सरावासाठी हे एक पुरं सोडवून बघा: बॅटरी १२ व्होल्ट, तिच्या पॉझिटिव्हपासून १०० ओहम, त्याच्या पुढे २२० आणि ३३० ओहम समांतर, आणि दोघांची दुसरी टोकं निगेटिव्हला.

आकृती आधी काढा. प्रत्येक जोडाला अक्षर द्या आणि करंटच्या दिशेचा बाण प्रत्येक फांदीवर काढा. बाण उलटा पडला तरी बिघडत नाही, उत्तर उणे येतं एवढंच. मग सोर्सपासून सर्वांत लांबच्या टोकाकडून आत येत सर्किट आवळत चला. २२० आणि ३३० मिळून: ७२,६०० भागिले ५५०, म्हणजे १३२ ओहम. त्यात पुढचे १०० मिळवले की २३२. एकूण करंट १२ भागिले २३२, म्हणजे ०.०५१७ ॲम्पिअर, ५१.७ मिलिॲम्पिअर.

आता आलात त्याच वाटेनं सर्किट उलगडत मागे जा. १०० ओहमवर पडले ५.१७ व्होल्ट. उरले ६.८३, आणि ते दोन्ही समांतर रेझिस्टरवर सारखेच आहेत. २२०मधून ३१.० मिलिॲम्पिअर, ३३०मधून २०.७. बेरीज ५१.७. जमाखर्च जुळला.

इथे बरेच जण पेन खाली ठेवतात, पण वॅट काढायचे राहिलेले असतात. व्होल्ट गुणिले ॲम्पिअर: १०० ओहमवर ०.२७ वॅट, २२०वर ०.२१, ३३०वर ०.१४. दुकानात न सांगता मागितला तर रेझिस्टर पाव वॅटचा मिळतो. म्हणजे १०० ओहमचा त्याच्या मर्यादेबाहेर गेला. लगेच धूर येणार नाही, पण हात लावाल तर चटका बसेल, आणि तापून तापून त्याची किंमत सरकत जाईल. तिथे अर्ध्या वॅटचा, शक्य तर एक वॅटचा लावा. २२०सुद्धा काठावर आहे. नियम म्हणून, हिशेबात जितके वॅट येतील त्याच्या दुप्पट क्षमतेचा रेझिस्टर घ्यावा.

मीटरनं पडताळताना आकडे अगदी तेच येणार नाहीत. रेझिस्टरची किंमत त्यावरच्या रंगीत पट्ट्यांनी दाखवतात; सोनेरी पट्टीचा रेझिस्टर पाच टक्के इकडेतिकडे असतो, आणि भरलेली बॅटरी १२ नव्हे तर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. म्हणून आधी बॅटरी मोजा, तोच आकडा गणितात घाला. त्यानंतरही करंटमध्ये पाच टक्क्यांपेक्षा जास्त तफावत आली तर रंगाच्या पट्ट्या पुन्हा वाचा. लाल आणि नारिंगी पिवळ्या बल्बखाली हमखास फसवतात.

एलईडीला ओहमचा नियम लागत नाही

एलईडी हा रेझिस्टर नाही. पांढऱ्या एलईडीवर ३.० ते ३.२ व्होल्ट, लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, आणि करंट थोडा वाढला तरी ते फारसे हलत नाहीत. म्हणून हिशेब असा: बॅटरीच्या व्होल्टेजमधून एलईडीचे व्होल्ट वजा करा, उरतील ते रेझिस्टरचे. १२ उणे ३.२ म्हणजे ८.८ व्होल्ट, १५ मिलिॲम्पिअर हवे असतील तर ८.८ भागिले ०.०१५, म्हणजे ५८७ ओहम. जवळच्या मिळणाऱ्या किमती ५६० आणि ६८०. घ्यायचा ६८० (पट्ट्या निळी, राखाडी, तपकिरी), कारण बॅटरी चार्जिंगला असताना टोकांवर १४.४ व्होल्टपर्यंत जातात. तेव्हा ६८०मधून १६.५ मिलिॲम्पिअर जातील, ५६०मधून पुरे २०, आणि ५६० ओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर ०.२२ वॅटवर तापत राहील.

वीज वाचवायला तीन पांढरे एलईडी सिरीजमध्ये लावायची युक्ती सर्रास वापरली जाते. कागदावर ती बरी दिसते: ९.६ व्होल्ट एलईडींवर, २.४ रेझिस्टरवर, १५० ओहमला १६ मिलिॲम्पिअर. आता बॅटरी १४.४वर न्या. रेझिस्टरवर ४.८ व्होल्ट, करंट ३२ मिलिॲम्पिअर, नेमका दुप्पट. बॅटरीत फक्त वीस टक्के वाढ झाली आणि करंट शंभर टक्के वाढला, कारण ती सगळी वाढ एकट्या रेझिस्टरच्या वाट्याला आली. गोठ्यात लावलेली अशी पट्टी काही महिन्यांत एकेक करून काळी पडते आणि दोष एलईडीच्या मालाला दिला जातो. दोनच सिरीजमध्ये घ्या, ४७० ओहम लावा: १२ व्होल्टला ११.९ मिलिॲम्पिअर, १४.४ला १७. प्रकाशात फारसा फरक कळत नाही, आयुष्यात कळतो.

मीटर लावला की सर्किट बदलतं

दोन रेझिस्टर सिरीजमध्ये लावून मधून कमी व्होल्टेज घेणं ही सोय मोजण्यासाठी उत्तम. ५ व्होल्टपर्यंतच वाचणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला बॅटरीचं व्होल्टेज दाखवायचं असेल तर वर १० किलोओहम, खाली ४.७ किलोओहम, १४.४ व्होल्टला मधल्या बिंदूवर ४.६ व्होल्ट येतात, बोर्ड सुरक्षित. पण त्याच मधल्या बिंदूवरून काही चालवायला गेलात तर फसाल. १ किलोओहमचे दोन रेझिस्टर घेऊन ६ व्होल्ट काढले आणि तिथे १०० ओहमचा दिवा लावला, तर खालचा १ किलोओहम आणि दिवा समांतर येऊन ९१ ओहम होतात आणि ६ व्होल्टचे जेमतेम १ व्होल्ट उरतात.

मीटरही एक रेझिस्टरच आहे. चांगल्या डिजिटल मीटरचा आतला रोध १० मेगाओहम असतो, स्वस्तातल्या छोट्या मीटरांत बहुधा १ मेगाओहम. १ मेगाओहमच्या दोन रेझिस्टरच्या मध्ये खरे ६ व्होल्ट असतात. चांगला मीटर ५.७ दाखवेल आणि स्वस्तातला फक्त ४. मीटर खोटं बोलत नाही, तो आपण लावल्यानंतरचं सर्किट दाखवतो. सर्किटमधले रोध किलोओहमपर्यंत असतील तोवर याची काळजी नको.

मीटरची खरी दुर्दशा करंट मोजताना होते. करंट मोजायला वायर तोडून मीटर मध्ये घालायचा असतो. त्या वेळी त्याचा रोध जवळजवळ शून्य असतो. लाल प्रोब (मीटरची टोकदार वायर) १० ॲम्पिअरच्या भोकात विसरून तोच मीटर थेट बॅटरीवर लावला की तो शॉर्ट सर्किटच होतो, आणि अनेक स्वस्त मीटरांत त्या भोकाला फ्यूजही नसतो. करंट मोजून झाला की प्रोब आधी व्होल्टच्या भोकात, मग दुसरं काम. घरच्या लाइनीवर असा करंट मोजूच नये. तिथे वायर न तोडता मोजणारा क्लॅम्प मीटर वापरावा.

दोन सोर्स असतील तेव्हा

सोलर चार्जर, बॅटरी आणि दिवा तिघंही एकाच जोडावर आले की सिरीज-समांतरचं आवळणं चालत नाही. इथे जोडाचं व्होल्टेज अज्ञात धरा आणि करंटची बेरीज मांडा.

चार्जर १४ व्होल्टचा, त्याचा वायरीसकट रोध ०.५ ओहम. बॅटरी १२.४ व्होल्ट, आतला रोध ०.१ ओहम. (बॅटरीचा आतला रोध काढणं सोपं आहे: लोड नसताना १२.६ आणि ५ ॲम्पिअर लोडवर १२.१ व्होल्ट दिसले तर अर्धा व्होल्ट भागिले ५, म्हणजे ०.१ ओहम.) दिवा ४ ओहमचा. जोडाचं व्होल्टेज ‘ज’ धरलं तर

(१४ − ज) ÷ ०.५ + (१२.४ − ज) ÷ ०.१ = ज ÷ ४

सोडवलं की १५२ = १२.२५ × ज, म्हणून ज = १२.४१ व्होल्ट. चार्जरकडून ३.१८ ॲम्पिअर येतात, दिव्यात ३.१० जातात, बॅटरीचं उत्तर येतं उणे ०.०८. उणे चिन्ह पाहून घाबरू नका. बाण बॅटरीतून बाहेर काढला होता, करंट आत जातोय, म्हणजे बॅटरी अगदी थोडी चार्ज होतेय. आता तसाच दुसरा दिवा लावा, लोड २ ओहम होईल. उजवीकडे ज ÷ २ येतो, ज = १२.१६. चार्जर ३.६८ देतो, बॅटरीला २.४० द्यावे लागतात, दिव्यांत ६.०८ जातात. एका दिव्याच्या फरकानं बॅटरी भरण्याऐवजी रिकामी होऊ लागली. ‘दिवसभर ऊन असूनही बॅटरी उतरते’ या तक्रारीचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं.

वायर हासुद्धा रेझिस्टरच

आतापर्यंत वायरीचा रोध शून्य धरला. ब्रेडबोर्डवर ते चालतं, शेतात चालत नाही. तांब्याच्या वायरीचा रोध २० अंश सेल्सियसला, किलोमीटरला: १.५ चौरस मिलिमीटरची १२.१ ओहम, २.५ची ७.४१, ४ची ४.६१, ६ची ३.०८, १०ची १.८३. ॲल्युमिनियमची १० चौरस मिलिमीटर ३.०८ आणि १६ची १.९१, म्हणजे ॲल्युमिनियमची १० ही तांब्याच्या ६च्या बरोबरीची. पाठ करायचं नसेल तर तांब्यासाठी ०.०१७२ गुणिले लांबी मीटरमध्ये, भागिले वायरीच्या छेदाचं क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये. तापली की रोध वाढतो. वायर ६० अंशांवर गेली तर सोळा टक्के जास्त. उन्हात खांबावरून नेलेल्या वायरीला हे लागू धरा.

लांबी जाऊन-येऊन मोजायची. १२ व्होल्टचा ५ ॲम्पिअर घेणारा पंप बॅटरीपासून ३० मीटरवर असेल तर वायर ६० मीटर. १.५ची वापरली तर ०.७३ ओहम, पडले ३.६ व्होल्ट, पंपाला उरले ८.४. ६ची वापरली तर पडतात ०.९. तेवढेच वॅट २३० व्होल्टवर नेले असते तर करंट पाव ॲम्पिअरच्या आसपास आला असता आणि १.५ची वायरसुद्धा भरपूर झाली असती. मोठ्या लाइनींमागे हेच आहे: कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्याएवढे १००० मेगावॅट ४०० किलोव्होल्टवर नेले तर दर फेजला १,४४३ ॲम्पिअर लागतात, ४१५ व्होल्टवर न्यायचे म्हटले तर जवळजवळ चौदा लाख.

आता ती गुणगुणणारी मोटर. एक एचपी, प्लेटवर ७ ॲम्पिअर, बोर्डापासून १५० मीटर, वायर तांब्याची २.५. जाऊन-येऊन ३०० मीटर, २.२२ ओहम. मोटर चालू असताना पडतात १५.६ व्होल्ट, चालून जातं. पण सुरू होताना मोटर पाचपट करंट मागते, समजा ३५ ॲम्पिअर. २३० भागिले ३५ म्हणजे त्या क्षणी मोटर ६.५७ ओहमसारखी वागते, आणि वायरीचे २.२२ तिच्याशी सिरीजमध्ये आहेत. दोन रेझिस्टरची वरचीच वाटणी: एकूण ८.७९ ओहम, करंट २६.२ ॲम्पिअर, मोटरीच्या वाट्याला १७२ व्होल्ट. मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. १७२ला २३०नं भागून वर्ग केला की ५६ टक्के. संध्याकाळी बोर्डावरच १९० व्होल्ट असतील तर मोटरीला १४२ मिळतात आणि जोर ३८ टक्के. गुणगुणण्यापलीकडे ती काय करणार? ४ चौरस मिलिमीटरच्या वायरीनं पुऱ्या २३० व्होल्टला हाच जोर ६८ टक्के येतो, ६च्या वायरीनं ७७.

काटेकोर बघितलं तर मोटरीचा रोध आणि वायरीचा रोध असे सरळ मिळवता येत नाहीत, कारण मोटरीत कॉइलमुळे करंट व्होल्टेजच्या मागे राहतो. खरी घट या आकड्यापेक्षा थोडी कमी भरते. वायर निवडताना मात्र हा अंदाज सुरक्षित बाजूला पडतो, म्हणून पुरे. मोटर गुणगुणत असताना दुसऱ्या माणसानं मोटरीच्या टोकावरचं व्होल्टेज बघितलं तर दोन सेकंदांत कळतं. पण हे काम परवानाधारक वायरमनचं, आणि बटण त्याहून जास्त वेळ दाबून धरायचं नाही, वाइंडिंग तापतं.

थ्री फेज आणि बोअर

जत, आटपाडी, माण, खटावकडे बोअर खोल, त्यामुळे केबलची लांबी खाली मोजावी लागते. जीआय पाईप वीस फुटी असतात, पाईप मोजले की खोली कळते. पंचवीस पाईप म्हणजे ५०० फूट, १५२ मीटर; वर स्टार्टरच्या पेटीपासून बोअरपर्यंत ६० मीटर; एकूण २१२. थ्री फेजमध्ये लांबी दुप्पट करायची नाही, त्याऐवजी १.७३२नं गुणायचं. पाच एचपी, ७.५ ॲम्पिअर (सबमर्सिबलच्या प्लेटवर अनेकदा याहून जास्त असतो, तोच आकडा घ्या), २.५ची केबल: एका तारेचा रोध १.५७ ओहम, घट २०.४ व्होल्ट, सुमारे पाच टक्के. ४च्या केबलनं १२.७ व्होल्ट, तीन टक्के. बोअरच्या केबलमध्ये तीन टक्क्यांच्या आसपास थांबलेलं बरं, कारण डीपीपासून (गावातल्या ट्रान्सफॉर्मरपासून) पेटीपर्यंतच्या लाइनीत आणखी घट बसलेलीच असते.

इथे मोटरीला रेझिस्टर समजण्याची चूक महागात पडते. रेझिस्टरला व्होल्टेज कमी दिलं तर करंट कमी होतो. पाणी ओढणारी मोटर तेवढंच काम करत राहते, म्हणून व्होल्टेज घटलं की करंट वाढवते. ४१५चे ३५० झाले तर ७.५ ॲम्पिअरचे अंदाजे ८.९ होतात, आणि उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे एक्केचाळीस टक्के जास्त. स्टार्टरचा ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा भाग) तेव्हा उडतो ते योग्यच करतो. त्याची चकती फिरवून वर नेली की उडणं थांबतं आणि वाइंडिंग जळायला लागतं.

सगळ्या स्टार्टरांना ऑटो स्विच (वीज आली की मोटर आपोआप सुरू करणारे) असले की लाईट येताक्षणी काय होतं तेही मोजून बघा. ६३ केव्हीएच्या डीपीची क्षमता दर फेजला सुमारे ८४ ॲम्पिअर. पाच एचपीच्या दहा मोटरी चालू असताना ७५ घेतात, बसतं. दहाही एकाच वेळी सुटल्या तर सहापटीनं ४५०. ऑटो स्विचला वेळ लांबवायची सोय असेल तर शेजाऱ्यांनी आपसांत वेगवेगळी वेळ लावून घ्यावी.

जोड, आणि मीटरवर दिसणारं खोटं व्होल्टेज

लग (वायरीच्या टोकाला बसवलेली धातूची टोपी) सैल झाला किंवा तांबं-ॲल्युमिनियमचा जोड नुसता पिळून टेप गुंडाळला की तिथे रोध तयार होतो. ०.२ ओहम धरा. ७.५ ॲम्पिअरला घट फक्त दीड व्होल्ट, मीटरवर लक्षातही येत नाही. पण करंटचा वर्ग गुणिले रोध म्हणजे ११ वॅट, आणि ते अंगठ्याएवढ्या जागेत. टेप वितळते, जोड आणखी खराब होतो, रोध आणखी वाढतो. म्हणून जोड तपासायचा तो लोड चालू असताना, त्याच्याच दोन बाजूंना प्रोब लावून: चांगला जोड काही मिलिव्होल्ट दाखवतो. लोड बंद असताना करंट शून्य, म्हणून घटही शून्य, आणि सडलेल्या जोडाच्या पुढेही पुरे २३० दिसतात. तांबं आणि ॲल्युमिनियम जोडायचं तर बायमेटल लग किंवा कनेक्टरच वापरा.

याचा उलटा प्रकार म्हणजे तुटलेल्या वायरीवर दिसणारे ८०-१०० व्होल्ट. शेजारच्या चालू तारेतून हवेतूनच किंचित करंट झिरपतो, मायक्रोॲम्पिअरमध्ये. १० मेगाओहमच्या मीटरला तेवढा पुरतो: १० मायक्रोॲम्पिअर गुणिले १० मेगाओहम म्हणजे १०० व्होल्ट. तिथे १५ किंवा ४० वॅटचा काचेचा साधा बल्ब लावला की त्याच्या तुलनेनं बारीक रोधावर ते व्होल्टेज बसून जातं आणि बल्ब पेटत नाही. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही, तो अशा झिरपत्या करंटवरही लुकलुकू शकतो. टेस्ट लॅम्प आधी नक्की चालू असलेल्या सॉकेटवर पेटवून बघा, मग संशयित वायरीवर, आणि नंतर पुन्हा त्याच सॉकेटवर. मधल्या वेळात त्याचीच फिलामेंट गेली असेल तर जिवंत तार मेलेली वाटेल.